दुसरी चिठ्ठी

फोन आला तेव्हा माझे छत्तीस मोजून झाले होते. सोयाबीनची गुंडाळी समोर उलगडलेली होती, ओल्या कागदावर शंभर दाण्यांच्या रांगा, आणि एकेक अंकुर चिमट्यानं उचलून, पाहून, मी परत जागेवर ठेवत होतो. फोनवर परतूरहून किसनभाऊंचा मुलगा होता. "काका, अण्णा गेले. सकाळी आंघोळीला गेले, अन् तिथंच..." मी म्हणालो, "बरं." खरंच, मी "बरं" असं म्हणालो. मग "निघतो" म्हणालो, फोन खिशात टाकला आणि सदतीसपासून पुढं मोजायला लागलो. शंभर दाणे संपले तेव्हा चिठ्ठीवर आकडा लिहिला, चिठ्ठी उलटी करून ट्रेखाली सरकवली, हात धुतले, आणि मग साहेबांना सांगायला गेलो. तो आकडा बरोबर होता की चूक, हे मला आजही सांगता येणार नाही.

याला आता सहा आठवडे झाले. मला धड रडू आलेलं नाही. बायको म्हणते, एकदा मोकळं रडून घ्या. पण येतच नाही तर काय करू? जेवतो, झोपतो, सकाळी बदनापूरहून गाडी धरतो, जालन्याला उतरतो, दिवसभर मोजतो. हातापायाला मुंग्या येऊन गेल्यावर जसं बधिर वाटतं तसं आतून वाटतं, एवढंच. इथल्या पेपरच्या पुरवणीच्या संपादकांनी किसनभाऊंवर लिहा म्हटलं तेव्हा मी लगेच हो म्हणालो. चांगलं लिहावं म्हणून नव्हे. मला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती तोंडानं सांगायची हिंमत मला सात वर्षं झाली नाही.

किसन शिंगाडे, म्हणजे आमचे किसनभाऊ, जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत उगवण मोजायचे. काम दिसायला साधं. बियाण्याच्या प्रत्येक लॉटमधून चारशे दाणे घ्यायचे, शंभर-शंभरच्या चार गुंडाळ्या ओल्या कागदात करायच्या, आठ दिवस ठरावीक उबेच्या कपाटात उभ्या ठेवायच्या. मग उलगडून मोजायचं, धड किती उगवले, अधू किती, कुजले किती. शंभरात सत्तर धड असले तर पिशव्या बाजारात जातात, नसले तर तो लॉट बियाणं म्हणून जात नाही. खेड्यातला माणूस त्या पिशवीच्या भरवशावर पेरणी करतो. पाऊस एकदाच वेळेवर येतो, त्याला दुसऱ्यांदा बोलावता येत नाही. मधे उभा असतो तो फक्त मोजणारा.

मी लागलो तेव्हा नुकता बी.एस्सी. झालेलो होतो आणि डोक्यात थोडी हवा होती. भाऊ मॅट्रिकच्या पुढं गेलेले नव्हते. पहिल्याच दिवशी मी अर्धा तास उशिरा पोचलो तर म्हणाले, "या बाबूजी. बदनापूरची गाडी लेट व्हती का तुम्ही?" सगळे हसले, मी कानापर्यंत लाल. पण मग त्यांनी शेजारी बसवून घेतलं आणि आमच्या प्रयोगशाळेतली पद्धत सांगितली. ती त्यांनीच पाडलेली होती, मी दुसरीकडं कुठं पाहिली नाही. एक गुंडाळी दोघांनी मोजायची. पहिल्यानं मोजून आकडा चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठी उलटी ठेवायची, बोलायचं नाही. मग दुसऱ्यानं तीच गुंडाळी मोजायची, आपली चिठ्ठी लिहायची. दोन्ही चिठ्ठ्या झाल्यावर मगच उलट्याच्या सुलट्या करायच्या.

"हे कुठून शिकलात भाऊ?" मी विचारलं होतं. ते म्हणाले, "मेंढरांतून." त्यांचं घर मूळ मेंढरं राखणारं, आष्टीजवळच्या एका वाडीचं. "सांजच्याला मेंढरं वाडग्यात घेताना बाप तोंडाशी एका अंगाला उभा राहायचा, मी दुसऱ्या अंगाला. मेंढरू मधून जायचं. दोघंबी मनात मोजायचो. बाप म्हणायचा, तुझा आकडा आधी बोलू नको. तू बोलला की माझं मोजणं संपलं." मग म्हणाले, "पर मेंढराचं बरं असतं बघ. मेंढरू हाये तर हाये, न्हाई तर न्हाई. ह्या कोंबाचं तसं न्हाई. ह्याचं मूळ जरा आखूड हाये, मी धड म्हणीन, तू अधू म्हणशील. म्हणून तुझ्या-माझ्यात एक-दोनचा फरक येणारच. आला पाहिजे. कायम बराबर एकच आकडा येऊन राह्यला तर समजायचं, दोघांतलं एक झोपलंय."

अशी बारा वर्षं गेली. भाऊंनी मला मुळाचं तुटलेलं टोक ओळखायला शिकवलं, ओठ न हलवता मोजायला शिकवलं, मोजताना कुणी बोलायला आलं तर डाव्या हातानं "थांब" म्हणायला शिकवलं. एकदा मालकाचे नातलग प्रयोगशाळा पाहायला आले होते, त्यांनाही त्यांनी तसाच पंजा दाखवून उभं केलं आणि शंभर संपल्यावर नमस्कार केला. त्यांची मोजणी इतकी पक्की होती की बाकीच्या कंपन्यांतही "शिंगाडेंनी मोजलंय का?" असं विचारायचे. परतूरच्या बाजारात, आष्टीत, लोक दुकानदाराला विचारायचे की ही किसनच्या कंपनीची पिशवी आहे ना. आपल्या माणसानं मोजलंय एवढं त्यांना पुरत होतं.

मलाही पुरायला लागलं, इथंच घात झाला. एकदा मुलीला ताप होता आणि मला दुपारची गाडी धरायची होती. भाऊ चहाला गेलेले. त्यांच्या चिठ्ठ्या ट्रेखाली उलट्या पडलेल्या. मी एक उचलली, पाहिली, आणि माझ्या चिठ्ठीवर त्यांच्यापेक्षा एक कमी लिहिला. दुसरीवर एक जास्त. बस. कुणाला काही कळलं नाही, लॉट चांगलाच होता. माणूस बारा वर्षं चुकलेला नाही, मग त्याचंच परत कशाला मोजत बसायचं, असं मी मनाला समजावलं. मे-जूनमध्ये टेबलावर गुंडाळ्यांचा ढीग लागतो, तेव्हा हे सोपं पडायला लागलं. आधी आठवड्यातून एकदा, मग रोज. एक कमी, एक जास्त. यात काही वाईट करतोय असं मला वाटतच नव्हतं. उलट हा माझा त्यांच्यावरचा विश्वास आहे, असंच वाटायचं. एकदा हसत त्यांना म्हणालोही, "भाऊ, तुम्ही मोजलं म्हणजे झालं की. माझा पूर्ण विश्वास आहे तुमच्यावर." ते चिमटा पुसत होते. म्हणाले, "विश्वास हाये तर मोज ना बाबा. मी चुकलो तर माझ्या आधी तुला कळलं पाहिजे. म्हणून तर तुला शेजारी बसवलंय."

सात वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात एक सोयाबीनचा लॉट आला. मळणीत त्याला मार बसला होता, वरून दाणा टपोरा, पण कोंब बाहेर येताना मुळाचं टोक तुटलेलं. डोळे चांगले असलेल्या माणसाला दिसावं असं. भाऊंना दिसलं नाही. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता आणि ते त्यांचं त्यांनाच कळलेलं नव्हतं. उजेड कमी आहे म्हणून ते दिवा बदलायला सांगायचे, आम्ही दिवा बदलायचो. त्यांनी चार गुंडाळ्या मोजल्या आणि चारींची एकच चिठ्ठी करून तीवर एकाखाली एक लिहिलं, शहात्तर, त्र्याहत्तर, पंचाहत्तर, चौऱ्याहत्तर. मला घाई होती. कसली घाई होती ते आता आठवतही नाही... मी चारही आकडे जसेच्या तसे उतरवले. एक कमी, एक जास्त करायचंही राहून गेलं.

भाऊंनी चिठ्ठ्या सुलट्या केल्या. चष्मा वर-खाली केला. "चारी एकच?" म्हणाले. मी म्हणालो, "हो की. आज जमलं बघा." ते माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी कागदावर सही केली, त्याखाली मी केली, आणि लॉट गेला. परतूर तालुक्यात गेला, आष्टीकडं गेला, त्यांच्या स्वतःच्या वाडीत गेला.

जूनच्या शेवटी तक्रारी यायला लागल्या. कंपनीनं आम्हा दोघांनाच जीपमधून पाहायला पाठवलं. आष्टीच्या अलीकडं एका शेतात पंधरा-वीस माणसं उभी होती. वाफसा छान होता, माती हाताला मऊ लागत होती आणि पेरणीच्या ओळी, तासच्या तास, रिकाम्या. कुठं एखादं रोप. एका वयस्कर शेतकऱ्यानं, भाऊ त्यांना दाजी म्हणायचे, खाली बसून मूठभर माती उकरली आणि भाऊंच्या हातावर ठेवली. त्यात कुजलेले दाणे होते. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "किसन, तुझं नाव ऐकून घेतली बाबा पिशवी. म्हणलं आपला माणूस तिथं मोजून राह्यला. शेजारच्यालाबी मीच सांगितलं, हीच घे म्हणून."

भाऊ म्हणाले, "मोजणी माझी व्हती, दाजी. चूक माझी हाये."

मी त्यांच्या शेजारी उभा होतो. अंतर एक हाताचं. मी माझ्या बुटांवरची माती बघत होतो.

परत येताना हातावरची माती त्यांनी पुसली नव्हती. वाटूर मागं पडल्यावर म्हणाले, "गजू, त्या दिवशी चारी आकडे एकच आल्ते." मी म्हणालो, "हो." ते म्हणाले, "मला तव्हाच कळाय पाहिजे होतं. मी विचारलं अन् सोडून दिलं. तुझ्यावर विसंबलो." एवढंच. ना शिवी, ना आरडाओरडा. तू मोजलं होतंस का, असंही विचारलं नाही. मी खिडकीबाहेर बघत बसलो. त्या क्षणी सांगून टाकलं असतं तर आज हा लेख लिहायची वेळ आली नसती. सांगितलं नाही.

पुढं चौकशी झाली. प्रत्येक लॉटचा राखीव नमुना आम्ही कपाटात ठेवतो, तो बाहेरच्या माणसाकडून तपासला. सत्तावन्न आले. दोन्ही मोजण्यांत इतकी चूक कशी, असं साहेबांनी विचारलं आणि कागदावर फक्त सरासरी असल्यामुळं मूळ चिठ्ठ्या मागितल्या. चिठ्ठ्या समोर आल्या असत्या तर दुधखुळ्यालाही कळलं असतं की दोन माणसं चारही वेळा चुकून एकाच आकड्यावर येत नसतात. भाऊ म्हणाले, "चिठ्ठ्या मी ठिवल्या न्हाईत साहेब. आकडा कागदावर चढवला अन् फेकून दिल्या. गजाननचं काई न्हाई ह्याच्यात, मी सीनियर हाये, माझ्या आकड्यापुढं तो काय बोलणार?" साहेब त्यांना ओळखून होते, त्यांनी विश्वास ठेवला. उभ्या नोकरीत भाऊ खोटं बोलले असतील तर ते त्या खोलीत, त्या खुर्चीवर बसून, आणि माझ्यासाठी. मला काय वाटलं असेल? लाज वाटली असेल, असं तुम्हाला वाटेल. ती नंतर वाटली. त्या वेळी मला सुटल्यासारखं वाटलं. घरी जाऊन मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या, हे मला अजून आठवतं.

भाऊंना मोजणीच्या टेबलावरून काढलं. नमुन्यांच्या पिशव्या उतरवून घ्यायच्या, त्यांना नंबर लावायचे, असं दाराजवळचं काम दिलं. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, डोळे लख्ख झाले, तरी टेबल परत मिळालं नाही. पाच वर्षं त्यांनी दाराशी बसून नंबर लावले आणि निवृत्त झाले. माझ्याशी तसेच वागायचे, सकाळी आलो की "आली का बदनापूर मेल?" म्हणायचे. पण चिठ्ठी हा शब्द आमच्यात पुन्हा कधी निघाला नाही. खरं सांगू? मला त्यांचा राग यायचा. एकदा कानाखाली वाजवली असती, साहेबांपुढं नाव घेतलं असतं, तर मी मोकळा झालो असतो. त्यांनी मला वाचवलं की शिक्षा दिली, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. मी मात्र त्या दिवसापासून प्रत्येक दाणा मोजला. एकही चिठ्ठी उचलली नाही. त्याचा त्यांना काय उपयोग?

भाऊ गेल्याच्या दुसऱ्या दिवशी कंपनीत शोकसभा झाली. चहाच्या वेळेत सगळे जमले. साहेब बोलले, चांगलंच बोलले. म्हणाले, "ती एक चूक सोडली तर शिंगाडेंसारखा माणूस होणे नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. मग दोन मिनिटं उभे राहिलो, आणि लोक आपापल्या टेबलावर गेले.

तेराव्याला परतूरला गेलो. मांडव उतरवत होते. वहिनींनी मला आत बोलावलं आणि एक पत्र्याचा डबा पुढं केला. "भाऊजी, हे तुमच्या हापिसातलं दिसून राह्यलं. घरात कुणाला हात लावू देत न्हव्हते." डब्यात त्यांचा चिमटा होता, भिंग होतं, जुन्या चष्म्याची काच होती. आणि तळाशी टाचणी लावलेल्या दोन चिठ्ठ्या. एक त्यांच्या अक्षरातली, एक माझ्या. शहात्तर, त्र्याहत्तर, पंचाहत्तर, चौऱ्याहत्तर. दोन्हीकडं तेच. मी त्या उलटून पाहिल्या. मागं काही तरी लिहिलेलं असेल असं वाटलं. काहीच नव्हतं. वहिनी म्हणाल्या, "शेवटच्या सालापर्यंत आष्टीच्या बाजाराला गेले न्हाईत ते. म्हणायचे, दाजीला तोंड कसं दाखवू? तुम्हीच सांगा भाऊजी, यवढी मोठी चूक व्हती का ती?" मी म्हणालो, "वहिनी, ती चूक त्यांची एकट्याची नव्हती." आणि मग, हातात चिठ्ठ्या धरून, सगळं सांगितलं. सात वर्षांत पहिल्यांदा. त्या ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "मंग हे त्यांना सांगायचं व्हतं."

आष्टीकडं, वाडीत, परतुरात ज्यांच्या घरी ही पुरवणी जाते त्यांच्यासाठी म्हणून पुन्हा लिहितो. त्या लॉटची दुसरी मोजणी झालीच नव्हती. ती करणं माझं काम होतं. मी मोजलं असतं तर भाऊंच्या आणि माझ्या आकड्यात पंधरा-वीसचा फरक आला असता, त्यांचे डोळे गेलेत हे त्याच दिवशी कळलं असतं, आणि ती पिशवी तुमच्या दारात आली नसती. किसनभाऊंचे डोळे चुकले, मी चोरी केली. दाजींना मी येत्या रविवारी जाऊन हेच सांगणार आहे.

साहेबांनाही चिठ्ठ्या नेऊन दिल्या, सोबत दोन ओळींचं पत्र. त्यांनी वाचलं, चष्मा काढला. "गजानन, आता हे उकरून काय मिळणार? माणूस गेला बिचारा. आणि हे तुमच्यावर शेकेल." मी म्हणालो, "शेकू द्या साहेब. पण त्या फाईलमध्ये हे लागलं पाहिजे." त्यांनी पत्र घेतलंय. पुढं काय व्हायचं ते होईल.

साहेबांच्या खोलीतून मी टेबलावर आलो. माझ्यासोबत दुसरी मोजणी स्वाती करते, हुशार मुलगी, दोन वर्षांपूर्वी लागली, घरी तान्हं बाळ आहे, तिला रोज चारची गाडी धरायची असते. त्या दिवशीच्या चिठ्ठ्या मी सुलट्या केल्या. माझ्यापेक्षा एक कमी. पुढची, एक जास्त. एक कमी. एक जास्त. मी आधीच्या आठवड्याच्या काढून पाहिल्या. तिथंही तेच...

तिनं माझ्याकडं पाहिलं. तिला कळलं असावं, चेहरा उतरला. हळूच म्हणाली, "सर, तुमचं कधी चुकत नाही ना, म्हणून..."

मी तिच्यावर रागावलो नाही. समोर बसवलं आणि किसनभाऊंची सगळी गोष्ट सांगितली, मेंढरांपासून दाजींच्या मुठीतल्या मातीपर्यंत. ती रडली. मला वाटलं आता तरी मला रडू येईल. नाही आलं. मग त्या आठवड्याचे तिच्या-माझ्या सह्यांचे सगळे लॉट थांबवायला मी वर सांगून आलो. मधलं टेबल भिंतीकडं सरकवलं, दोघांच्या पाठी एकमेकांकडं येतील अशा खुर्च्या लावल्या, आणि किसनभाऊंचा चिमटा तिच्या हातात दिला. ताज्या उलगडलेल्या एका गुंडाळीपासून सुरुवात केली. आधी मी मोजलं, मग तिनं. मी तिच्याकडं वळून पाहिलं नाही. चारची गाडी गेली.

चिठ्ठ्या सुलट्या केल्या तेव्हा माझे एकाहत्तर होते आणि तिचे अडुसष्ट.

"सर, तीनचा फरक आला," ती घाबरून म्हणाली. "माझंच चुकलं असेल."

"असंल. नाहीतर माझं असंल," मी म्हणालो. चष्मा काढून पुसावा लागला, दोनदा. मग ती गुंडाळी मी पुन्हा माझ्यापुढं ओढली आणि एकपासून मोजायला लागलो.